अणुवीज की कोळशाची वीज? तारापूर-डहाणूच्या किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर विजेची दोन मोठी केंद्रे आहेत. तारापूरला अणुविद्युत केंद्र आहे आणि डहाणूच्या खाडीवर कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. दोघांत पंचवीस किलोमीटरचेही अंतर नाही. हवामानबदलाच्या चर्चेत अणुऊर्जा विरुद्ध जीवाश्म इंधन हा वाद जगभर चालतो, पण तो समजून घ्यायला इतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. व्याख्यानांनंतर आणि गावोगावच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. विषय विजेपुरता ठेवला आहे. गाड्यांचे पेट्रोल-डिझेल हा वेगळा धडा आहे.

कार्बनच्या हिशेबात दोघांत नेमका किती फरक आहे?

फार मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात खाणीपासून मोडतोडीपर्यंतचा संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला होता. त्यातले मध्यम आकडे एका युनिटमागे असे: कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुवीज १२, वारा ११-१२. भारतातल्या जुन्या कोळसा केंद्रांत आकडा याहून वर जातो. आपला कोळसा निकृष्ट आणि राखेने भरलेला, त्यामुळे एका युनिटमागे नुसत्या धुरांड्यातूनच जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आता हे एका केंद्राला लावून पाहा. १००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालले तर सुमारे ७०० कोटी युनिट वीज तयार होते. कोळशाचे असेल तर त्याला ४५ ते ५० लाख टन कोळसा लागतो, म्हणजे रोज तीन-चार भरलेल्या मालगाड्या, आणि हवेत जातो ६५ लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच विजेला आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत दीडशे टनांच्या आसपास नैसर्गिक युरेनियम पुरते. काही ट्रकांत मावेल एवढे.

मालगाड्यांचा मुद्दा पुस्तकी नाही. एप्रिल २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना रूळ मोकळे करून द्यायला रेल्वेने शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या होत्या, आणि महाराष्ट्रात भारनियमन परत आले होते.

पण युरेनियमची खाण, सिमेंट, पोलाद, हे सगळे कुठे धरले?

वरच्या १२ ग्रॅममध्ये ते आहे. युरेनियमची प्रत खालावली आणि खाणीत जास्त डिझेल जाळावे लागले तर आकडा वाढेल, दुप्पट-तिप्पटही होईल. तरी तो कोळशाच्या जवळपास फिरकत नाही. अणुऊर्जेवर आक्षेप घेण्यासारखे बरेच आहे, पण कार्बन हा त्यातला आक्षेप नव्हे. विरोधकांनी हा मुद्दा सोडून दिला तर त्यांच्या बाकीच्या मुद्द्यांना जास्त वजन येईल.

खाणीविषयीचा खरा प्रश्न वेगळा आहे. झारखंडमधल्या जादुगोडाला १९६० च्या दशकापासून युरेनियम काढले जाते. तिथल्या आदिवासी वस्त्यांनी आरोग्याच्या आणि टाकाऊ गाळाच्या तळ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे मांडल्या आहेत. वीज आपण वापरतो आणि खाण त्यांच्या अंगणात आहे. अर्थात कोळशाचेही तेच: चंद्रपूर, वणी, कोरबा, सिंगरौली.

तारापूरचे चेर्नोबिल किंवा फुकुशिमा होऊ शकते का?

हा प्रश्न पहिल्या पाचात असतोच, आणि त्याला 'छे, अजिबात नाही' असे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांमुळेच लोकांचा विश्वास उडतो. म्हणून सविस्तर.

१९८६ ची चेर्नोबिलची भट्टी सोव्हिएत बनावटीची, ग्रॅफाइट वापरणारी होती. कमी शक्तीवर चालवताना ती अस्थिर होत असे आणि तिच्याभोवती भक्कम काँक्रीटचे आवरणही नव्हते. तशी भट्टी भारतात एकही नाही. त्या अपघातात स्फोटाने आणि तीव्र किरणोत्सर्गाने पहिल्या काही महिन्यांत तीसच्या आसपास माणसे दगावली. मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण नोंदले गेले, सुदैवाने त्यातले बहुतेक बरे झाले. सर्वाधिक बाधित गटांत दीर्घकाळात एकूण ४००० पर्यंत मृत्यू होऊ शकतात असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि सहकारी संस्थांनी २००५ मध्ये दिला. यापेक्षा मोठे अंदाजही मांडले गेले आहेत.

फुकुशिमाचा संबंध आपल्याशी जास्त जवळचा आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्यावर तिथल्या चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. नडली ती त्सुनामी. सुमारे १४ मीटरची लाट आली, डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि बंद भट्टीतली उरलेली उष्णता बाहेर काढायला काहीच राहिले नाही. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र उंचावर बांधलेले असल्यामुळे बचावले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्या सर्वात जुन्या भट्टीच्याच पिढीतल्या, जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत. २०११ नंतर देशभरच्या केंद्रांची तपासणी झाली आणि वीज पूर्ण गेली तरी पाणी आत सोडता येईल अशा जादा सोयी बसवल्या गेल्या. अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही असेही नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

फुकुशिमात किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. घाईघाईने केलेल्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत मात्र त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त माणसे गेली. त्यात म्हातारी माणसे आणि रुग्णालयांतून हलवलेले रुग्ण बहुसंख्य होते. बोईसर-पालघर पट्ट्यात आज किती दाट वस्ती आहे ते लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. तारापूरच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याची. केंद्र उभारताना आजूबाजूला मासेमारीची आणि भातशेतीची गावे होती. आता लाखोंची वस्ती आहे. स्थलांतराचे सराव कागदावर होतात की रस्त्यावर, हे गावकऱ्यांनी विचारत राहिले पाहिजे.

२०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत आहेत. त्याचे काय?

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत घराबाहेर झोपले, हे खरे आहे. त्यातले मोठे धक्केसुद्धा रिश्टर मापनावर ४ च्या आसपासचे होते. कच्च्या भिंतींना ते पुरतात, अणुभट्टीच्या इमारतीचा आराखडा त्याहून खूप मोठ्या हादऱ्यांसाठी केलेला असतो.

भारतीय केंद्रांत आजवर काहीच झाले नाही, हे खरे का?

नाही. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, आग केबलींच्या मार्गाने पसरली आणि नियंत्रण कक्षात धूर भरल्यामुळे कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. कित्येक तास केंद्र पूर्ण अंधारात होते. तरीही कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाचे पंप वापरून भट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण थोडक्यात वाचलो. मार्च २०१६ मध्ये गुजरातमधल्या काक्रापार येथे शीतकाची गळती होऊन भट्टी बंद करावी लागली. २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, मिसळल्याचे आढळले.

या घटनांपेक्षा जुने दुखणे नियामकाचे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले, आणि ज्या अणुऊर्जा आयोगाच्या कारभारावर लक्ष ठेवायचे त्यालाच ते जबाबदार राहिले. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले होते. इतकी वर्षे हे तसेच चालू ठेवले याला कसलेही समर्थन नाही.

मग कोळसा जास्त सुरक्षित म्हणायचा का?

उलट. एक अब्ज युनिट म्हणजे एक टेरावॅट-तास वीज तयार करताना अपघात आणि प्रदूषण मिळून किती माणसे जातात, याचे प्रचलित अंदाज असे: कोळसा सुमारे २५, तेल १८, नैसर्गिक वायू ३ च्या आत. अणुवीज, वारा आणि सूर्य तिघेही एक दशांशाच्याही खाली. अणुविजेच्या आकड्यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरलेले आहेत. चेर्नोबिलचा अंदाज कितीतरी पट वाढवला तरी क्रम बदलत नाही.

कोळशाचे मृत्यू दिसत नाहीत, कारण ते एकेकट्याने होतात. धुरातले बारीक कण फुप्फुसात जातात, वीस वर्षांनी हृदयविकार होतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'औष्णिक केंद्र' असे कुणी लिहीत नाही. खाणीतले अपघातही विस्मरणात जातात. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार बुडाले. हा दिवस आज किती जणांना आठवतो? चेर्नोबिलचे नाव मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

इथे डहाणूची हकिकत सांगितलीच पाहिजे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्याच तालुक्यात १९९० च्या दशकाच्या मध्यात कोळशाचे केंद्र सुरू झाले. घोलवड-डहाणूचे चिकू बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारे संयंत्र बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि २००७ मध्ये ते एकदाचे चालू झाले. देशात असे संयंत्र असलेली केंद्रे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. म्हणजे कोळशाचे केंद्र बरेच स्वच्छ करता येते. फक्त त्यासाठी बागायतदारांनी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बाकी देशासाठी २०१५ मध्ये नियम झाले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के कोळसा संचांना हे संयंत्र बसवण्यातून सरळ सूटच मिळाली. आणि संयंत्र बसवले तरी कार्बन डायऑक्साइड जायचा तेवढा जातोच.

अणुकचरा हजारो वर्षे धोकादायक राहतो. तो पुढच्या पिढ्यांच्या माथी मारायचा?

राहतो, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे आकारमान पाहा. १००० मेगावॅटच्या केंद्रातून वर्षाला जेवढे युरेनियम आत जाते साधारण तेवढेच वापरलेले इंधन बाहेर येते. ते आधी काही वर्षे पाण्याच्या हौदात निवते. भारत ते सगळे कचरा म्हणून धरत नाही. तुर्भे (ट्रॉम्बे), तारापूर आणि तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम वेगळे काढले जाते. राहिलेला तीव्र किरणोत्सर्गी द्रव काचेत मिसळून घट्ट करतात आणि पोलादी डब्यांत साठवतात. कायमस्वरूपी भूगर्भातले कोठार भारताने अजून बांधलेले नाही. फिनलंडने ओल्किलुओटोला खडकात खोलवर असे कोठार खणले आहे.

कोळशाकडे या. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे वरच्या त्याच केंद्रातून वर्षाला दीड-दोन दशलक्ष टन राख. काही सिमेंटला आणि विटांना जाते, बाकी बंधाऱ्यात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीत गेला. राखेत पारा, आर्सेनिक, शिसे असते. किरणोत्सर्गी द्रव्यांसारखे त्यांना अर्धायुष्य (निम्मे उरण्याचा ठरलेला काळ) नसते, ती कधीच कमी होत नाहीत. राखेत थोडे युरेनियम आणि थोरियमही असते. 'कोळशाचे केंद्र अणुकेंद्रापेक्षा जास्त किरणोत्सर्ग सोडते' असे संदेश त्यावरूनच फिरतात. नेहमीच्या कामकाजात तुलना खरी असू शकते, पण दोन्ही मात्रा निसर्गातून रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गापुढे नगण्य आहेत. अशा अर्धवट संदेशांनी अणुऊर्जेची बाजू मांडू नये.

तारापूरची हवा आणि पाणी इतके खराब आहे, ते अणुकेंद्रामुळेच ना?

नाही. ते शेजारच्या तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ही वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. रासायनिक सांडपाण्याचा तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. नाव एकच असल्यामुळे गल्लत होते.

अणुकेंद्रामुळे मासे कमी झाले, असे मच्छीमार सांगतात. ते खोटे का?

खोटे म्हणण्याचा अधिकार किनाऱ्यावर न राहणाऱ्याला नाही. केंद्र समुद्राचे पाणी आत घेऊन संघनकाला, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राला, थंड करते आणि गरम पाणी परत सोडते. नव्या किनारी केंद्रांना तापमानातला फरक सात अंशांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. मुखाजवळ त्याचा परिणाम होतोच. शिवाय सुरक्षा क्षेत्रामुळे मासेमारीची ठरलेली ठिकाणे बंद होतात, आणि बोटीच्या दृष्टीने तो जास्त मोठा तोटा असू शकतो. पण गरम पाण्याचा प्रश्न कोळशाच्या केंद्रालाही आहे, आणि वसाहतीचे सांडपाणी व मोठ्या यांत्रिक बोटींची बेसुमार मासेमारी वेगळी. कुणामुळे किती, हे वेगळे काढणारा विश्वासार्ह आणि स्वतंत्र अभ्यास झाला पाहिजे, तोही केंद्र चालवणाऱ्या कंपनीने न केलेला.

गोड्या पाण्याचे म्हणाल तर किनाऱ्यावरचे केंद्र बरे. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. नदीकाठच्या अणुकेंद्रांनाही हीच अडचण येते. २०२२ च्या उन्हाळ्यात नद्या तापल्यामुळे फ्रान्सला काही भट्ट्यांची निर्मिती कमी करावी लागली.

विस्थापितांचे काय झाले?

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि वर्षानुवर्षे रेंगाळल्या. जमीन घेताना जी तत्परता दिसते ती पुनर्वसनात दिसत नाही. कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावर लोक बिथरले त्यात किरणोत्सर्गाच्या भीतीइतकाच या अनुभवाचा वाटा होता.

सौरऊर्जा एवढी स्वस्त झाली असताना अणुऊर्जा हवीच कशाला?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. नव्या सौर प्रकल्पांची वीज लिलावात अडीच रुपये युनिटच्या आसपास मिळते. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याचे काम चालू आहे आणि रात्री पाणी भरायला जाऊन साप-विंचवाची भीती बाळगण्यापेक्षा ते केव्हाही बरे. येत्या दहा वर्षांत कोळशाला सर्वात वेगाने मागे सारणार आहेत ते सूर्य आणि वारा. एवढ्या वेळात नवी अणुभट्टी क्वचितच उभी राहते.

अडचण सुरू होते संध्याकाळी सातला. सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात आणि तेव्हाच मागणी चढते. पावसाळ्यात ढग आठवडेच्या आठवडे हटत नाहीत. चार तासांची पोकळी बॅटरी भरून काढू शकते, आणि बॅटरी झपाट्याने स्वस्त होते आहे. घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्पही सह्याद्रीत वाढतील. तरीही चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांना, लोकलला, रुग्णालयांना जो सलग पुरवठा लागतो तो आज मुख्यतः कोळसा देतो. त्या जागेवर कार्बन न सोडणारे जे काही येईल ते मोलाचे. अणुवीज सूर्याशी नाही, रात्रीच्या कोळशाशी स्पर्धा करते.

अणुवीज महाग पडते ना?

कुठली, त्यावर आहे. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचे भांडवल केव्हाच फिटले. त्या १९६९ पासून वीज देत आहेत आणि दीर्घकाळ नूतनीकरणासाठी बंद ठेवावी लागली तरी त्यांची वीज देशातल्या सर्वात स्वस्त विजेत मोडत आली. नव्या देशी भट्ट्यांपैकी ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना केंद्राने २०१७ मध्ये मंजुरी दिली तेव्हा खर्च १,०५,००० कोटी रुपये धरला होता, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी. कोळशापेक्षा जास्त, पण आवाक्यात. काक्रापारचे तिसरा आणि चौथा हे त्या आकाराचे पहिले संच. त्यांनाही ठरल्यापेक्षा कित्येक वर्षे जास्त लागली.

परदेशातले मोठे प्रकल्प पाहिले तर छाती दडपते. फ्रान्समधल्या फ्लामांविलच्या तिसऱ्या संचाचे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले. ३.३ अब्ज युरोंत होणारे काम १३ अब्जांवर गेले आणि वीज ग्रिडमध्ये आली डिसेंबर २०२४ मध्ये. फिनलंडचा ओल्किलुओटो-३ हा त्याच जातीचा संच, २००५ ते २०२३. अमेरिकेत जॉर्जियातल्या व्होग्टलच्या दोन नव्या भट्ट्यांवर ३० अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला. दहा-पंधरा वर्षे व्याज चढत राहते आणि तेच विजेचे दर फुगवते.

मग जैतापूर व्हावे की नाही?

माझे मत: आज मांडले आहे त्या रूपात नको. राजापूर तालुक्यात माडबन परिसरात सहा भट्ट्या, एकूण जवळपास १० हजार मेगावॅट, जगातला सर्वात मोठा अणुप्रकल्प, अशी ती योजना. करार डिसेंबर २०१० मधला. त्यानंतर भट्ट्या पुरवणारी फ्रान्सची अरेव्हा कंपनी आर्थिकदृष्ट्या कोसळली, तिच्या जागी फ्रान्सचीच वीज कंपनी ईडीएफ आली, २०२१ मध्ये तांत्रिक-आर्थिक प्रस्ताव आला आणि बोलणी अजून बोलणीच आहेत. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावरच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. साखरीनाटे या मच्छीमारांच्या गावाची ती जखम अजून भरलेली नाही. भट्ट्या मात्र फ्लामांविलच्याच जातीच्या. खर्च चौपट होण्याचा इतिहास असलेले यंत्र आपण सहाच्या पटीत घ्यावे, हे हिशेबात बसत नाही. तोच पैसा देशी ७०० मेगावॅटच्या भट्ट्या आणि साठवणुकीत घातला तर कोळसा लवकर हटेल.

जर्मनीने अणुकेंद्रे बंद केली. एवढा पुढारलेला देश चुकेल का?

पुढारलेले देशही चुकतात. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. त्यानंतर तिथला कोळसा वाढला नाही, तो घटतच गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पवन, सौर आणि इतर अक्षय वीज मिळून निम्म्याहून जास्त झाली. पण ज्या वर्षी कोळसा शिल्लक होता त्या वर्षी भट्ट्या आधी बंद केल्या, क्रम उलटा लावला. शेजारच्या फ्रान्समध्ये साधारण दोन तृतीयांश वीज अणूची आहे आणि तिथल्या एका युनिटमागचा कार्बन जर्मनीच्या कित्येक पटींनी कमी भरतो. जर्मनीकडून घ्यायचा धडा असेल तर हाच की चालू आणि सुरक्षित भट्टी कोळशाच्या आधी बंद करू नये.

मधला मार्ग म्हणून गॅस?

गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प आठवा. १९०० मेगावॅटहून मोठे केंद्र कोकणात उभे आहे आणि परवडणाऱ्या गॅसअभावी ते बराच काळ हात बांधून बसले. गॅस आयात करावा लागतो, भाव परदेशात ठरतो. शिवाय पाइपातून गळणारा मिथेन हा कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी तापदायक वायू आहे.

थोरियम आणि छोट्या भट्ट्यांचे खूप ऐकतो. कधी येणार?

होमी भाभांनी १९५० च्या दशकात तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला: आधी नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियमच्या जलद प्रजनक भट्ट्या (जळते त्याहून जास्त नवे इंधन तयार करणाऱ्या), शेवटी थोरियम. केरळ-तमिळनाडू-ओडिशाच्या किनारी वाळूत थोरियम भरपूर आहे. अनिल काकोडकरांसारखे शास्त्रज्ञ त्याचा आग्रह सातत्याने धरतात. पण दुसऱ्या टप्प्याची कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची प्रजनक भट्टी २००४ पासून बांधली जात होती आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. यावरून तिसऱ्या टप्प्याचा अंदाज तुम्हीच बांधा. छोट्या भट्ट्यांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात २० हजार कोटी रुपयांची तरतूद आणि २०३३ पर्यंत पाच चालू करण्याचे लक्ष्य जाहीर झाले. पहिली २०० मेगावॅटची देशी छोटी भट्टी तारापूरलाच उभारण्याचा विचार आहे. होईपर्यंत तिच्या भरवशावर कोणतेही नियोजन करू नये.

'शांती' कायद्याने काय बदलले?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेविषयीचे हे नवे विधेयक मंजूर केले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा रद्द झाले, खासगी कंपन्यांना वीजनिर्मितीत वाट मिळाली आणि नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला. शेवटची गोष्ट स्वागतार्ह. मात्र सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडे भरपाई मागण्याची २०१० च्या कायद्यातली तरतूद गेली. भोपाळ पाहिलेल्या देशाने ही तरतूद मुद्दाम घातली होती. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे लक्ष्य आहे आणि आज देशात जेमतेम ९ गिगावॅट, म्हणजे एकूण विजेच्या तीनेक टक्के. सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची.

अणुवीज म्हणजे मागच्या दाराने अणुबॉम्ब नव्हे का?

इतिहासात दोघांचा संबंध आहे, तो नाकारू नये. १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस या संशोधन भट्टीतून आले. त्याची झळ तारापूरला बसली, कारण अमेरिकेने पुढे इंधन थांबवले आणि ते फ्रान्स व इतर देशांकडून घ्यावे लागले. पण भारताकडे अण्वस्त्रे आहेतच. आणखी एक वीजकेंद्र उभारल्याने वा न उभारल्याने त्यात काही फरक पडत नाही. नव्या देशांच्या बाबतीत ही शंका रास्त ठरते.

माझ्या घरी येणारी वीज कोळशाची की अणूची, हे कळते का?

नाही. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते. तारापूरची वीजही महाराष्ट्राबरोबर गुजरात, मध्य प्रदेश अशा पश्चिम विभागातल्या राज्यांत वाटली जाते. अगदी बोईसरच्या घरातही ती 'तारापूरची' म्हणता येत नाही. ग्राहक म्हणून एक सोय आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये हरित दराला मान्यता दिली. तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा भरून स्वतःच्या वापराएवढी अक्षय ऊर्जा मागता येत होती. सध्याचा दर वीज बिलावर किंवा महावितरणच्या कार्यालयात पाहून घ्या. त्या हिशेबात सूर्य, वारा वगैरे धरले जातात. अणुवीज नाही.